परतूरच्या दवाखान्यात बोलण्याचे धडे

परतूरला मुद्दाम कोणी जात नाही. कापूस घ्यायला जातात, धान्य विकायला जातात, नाहीतर जालन्याला उतरायचं असताना गाडीत झोप लागली म्हणून उतरतात. मी मात्र मुद्दाम गेलो, आणि तेही बोलायला. पुण्याच्या माणसाला बोलण्यासाठी निजामाच्या मुलखात जावं लागतं, यावरून पुण्यात त्याचं कोण ऐकतं याचा अंदाज वाचकांनी करावा.

झालं असं, की मी तीस वर्षं पुण्यात डॉक्टरकी केली आणि ती सोडल्यावर 'वैद्याने रोग्याशी कसे बोलावे' नावाची अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका लिहिली. तीस वर्षांत मी स्वतः रोग्यांशी कसा बोललो, हे कृपा करून माझ्या रोग्यांना विचारू नये. निवृत्त माणसाला जे जमलं नाही त्यावरच तो पुस्तक लिहितो. तर ही पुस्तिका, बहुधा चुकून, जालन्याच्या एका बड्या डॉक्टरांच्या हाती पडली आणि तिथल्या डॉक्टर मंडळींनी मला व्याख्यानाला बोलावलं. मी पुस्तिकेच्या चाळीस प्रती ट्रंकेत भरल्या आणि निघालो.

मनमाड ते जालना

मनमाडला गाडी बदलली की रूळ अरुंद होतात आणि चौकशी रुंद होते. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, अंमलदार डब्यात आला. त्यानं माझी ट्रंक उघडायला लावली. धोतरं निघाली, लाडवांचा डबा निघाला, आणि त्याखाली एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती निघाल्या. एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती जवळ बाळगणारा माणूस एकतर बंडखोर असतो, नाहीतर लेखक. अंमलदारानं वाईट तेच गृहीत धरलं.

"किताब कोनाच्या विरुद्ध हाय?"

"कोणाच्याच नाही. डॉक्टरांनी रोग्यांशी नीट बोलावं, एवढंच आहे."

"डॉक्टर सरकारी नोकर. सरकारी नोकर नीट बोलत न्हाईत, असं लिवलंय का मंग?"

अठ्ठेचाळीस पानं लिहिताना हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मी घाईनं खिशातला परवाना काढला. निजामाच्या राज्यात चार लोकांसमोर बोलायचं तर परवानगी लागे आणि जालन्याच्या मंडळींनी ती मिळवून मला टपालानं पाठवली होती. कागद उर्दूत होता. मला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. माझ्या पुस्तिकेच्या अकराव्या पानावर लिहिलं आहे : 'रोग्यास वाचता न येणारा कागद त्याच्या हाती देऊ नये, तो घाबरतो.' ते वाक्य किती खरं आहे हे मला तो कागद हातात धरून उभा असताना प्रथम कळलं. अंमलदारानं तो वाचला, किंचित हसला आणि परत दिला. कशाला हसला हे मला आजतागायत माहीत नाही.

जालना

जालन्यात माझं स्वागत झेंडूच्या तीन हारांनी झालं. अध्यक्षस्थानी तेच बडे डॉक्टर होते. शेरवानीची वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावलेली, आणि बोलतानाही तसेच. 'डॉक्टरांनी थोडक्यात बोलावे' या माझ्या मताचा गौरव त्यांनी पाऊण तास केला. त्यानंतर मी उठलो.

व्याख्यान झकास झालं. रोग्याला नावानं हाक मारावी, त्याच्या आयुष्यातला दाखला द्यावा, शेवटी 'समजलं का?' असं विचारावं, या माझ्या तीन नियमांवर मी भरपूर बोललो. पुण्यात तिसऱ्या वाक्याला कोणीतरी "असं नाही ते!" म्हणत उठतो आणि पुढचं व्याख्यान तोच देतो. इथं दर मुद्द्याला माना हलत होत्या आणि मागून पुढून आवाज येत होता, "बराबर! बिलकुल बराबर!" असा सुसंस्कृत श्रोता मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. मी चढत गेलो. फळ्यावर आकृतीसुद्धा काढली.

सभा संपल्यावर एक तरुण डॉक्टर अंग चोरत जवळ आले. नाव कमरुद्दीन. राहणारे हैदराबाद शहरातले, परतूरच्या सरकारी दवाखान्यात दोन वर्षं होते.

"तकरीर बहुत उम्दा, साहेब," ते म्हणाले. "लेकिन मेरा मरीज बी 'बराबर' बोलता, और चले जाता. क्या करना?"

मग त्यांनी मोडक्या मराठीत नि दख्खनीत हकिकत सांगितली. म्हाळू नावाचा एक धनगर होता. त्याच्या पायाच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला होता, आता अंगठा काळा पडला होता. दोन वेळा येऊन पट्टी बांधून गेला. अंगठा कापावा लागेल म्हटलं की "बराबर" म्हणतो आणि निघून जातो.

"आज काटे तो अंगूठा गया," डॉक्टर बोटं मोजत म्हणाले. "आठ रोज के बाद पाँव. उसके बाद..." त्यांनी तिसरं बोट न दुमडता छताकडे पाहिलं. "कल बाजार है. आएगा. आप बोलके देखते?"

अठ्ठेचाळीस पानांचा कोणता लेखक अशी संधी सोडील?

परतूर

परतूरचा दवाखाना म्हणजे कडुलिंबाखालच्या तीन खोल्या आणि एक लांब ओटी. बाजाराचा दिवस असल्यानं ओटीवर माणसं, गाठोडी, कोंबड्या सगळंच बसलेलं होतं. डॉक्टरांचे कंपाउंडर नारायणराव हे इथले दुभाषी. पांढरी टोपी, कानावर पेन्सिल. त्यांची कामाची पद्धत मी तासभर पाहिली. डॉक्टर दख्खनीत एक वाक्य बोलत, नारायणराव ते मराठीत आणखी जोरात सांगत. उलट वाट मात्र अरुंद होती. एका बाईनं आपला त्रास, त्याआधीचा त्रास, सासूचं त्यावरचं मत आणि लेकीचं बाळंतपण असं सविस्तर सांगितलं. नारायणरावांनी डॉक्टरांकडे वळून त्याचा तर्जुमा केला, "पेट दुखता."

मी मनात टिपून घेतलं की याच्यावर एक प्रकरण लिहायला हवं. नारायणरावांना मात्र काही विचारलं नाही. प्रकरण लिहायचं तर माणसाला विचारायची गरज काय?

दुपारी म्हाळू आला. पन्नाशीचा, उंच, खांद्यावर घोंगडी, हातातल्या काठीवर सगळा भार. मागे त्याची बायको ठकूबाई. डॉक्टरांनी पट्टी सोडली. अंगठ्याचं वर्णन करत नाही. वाचकांपैकी कोणी जेवणानंतर वाचत असेल.

मी खुर्ची पुढं ओढली. डॉक्टर आणि नारायणराव शिकायला उभे राहिले.

"म्हाळूबा," मी म्हणालो. पहिला नियम झाला. "हा अंगठा काढावा लागेल."

"बराबर हाय," म्हाळू म्हणाला. मग थोडं थांबून, "किती दिस लागतेल, साहेब?"

"सांगतो. त्याचं असं आहे, की रक्त जे असतं ते..." आणि मी रक्ताभिसरणाकडे वळलो. म्हाळू नीट ऐकत होता. मी हृदयापासून निघून घोट्यापर्यंत आलो तेव्हा त्यानं पुन्हा विचारलं, "म्हंजे उठायला किती दिस?"

"दिवसांचा प्रश्नच नाही, म्हाळूबा!" मी म्हणालो. "प्रश्न जिवाचा आहे!" हे वाक्य मला इतकं आवडलं की नारायणरावांनी ते ऐकलं का, म्हणून मी मागं वळून पाहिलं.

मग दुसरा नियम, आयुष्यातला दाखला. तो मी गाडीतच जुळवून ठेवला होता.

"समजा, तुमच्या एखाद्या मेंढीचा पाय असा सडला. तर तुम्ही काय कराल?"

म्हाळूनं प्रश्न अतिशय गांभीर्यानं घेतला. "गाभण हाय का भाकड?"

"कसलीही असू द्या."

"मंग इकायची, साहेब. चालता येईना तर कळपात ठिवून काय करता? आन गिऱ्हाईक न्हाई आलं, तर पाव्हनं येतेल तवा कापायची."

ठकूबाईनं पदर तोंडाशी नेला आणि आधी माझ्याकडे, मग डॉक्टरांच्या टेबलावरच्या सुऱ्यांकडे पाहिलं. मी घाईघाईनं म्हणालो, की तुम्ही काही मेंढी नाही, माणूस आहात. यावरही म्हाळू "बराबर हाय" म्हणाला. त्यानं तिसऱ्यांदा काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण माझा तिसरा नियम बाकी होता.

"समजलं का?"

"बराबर."

"मग उद्या सकाळी येणार ना?"

"बिलकुल."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. झालं, पाव तासात. त्याच संध्याकाळी जालन्याच्या अध्यक्षांना मी पोस्टकार्ड टाकलं : 'योग्य शब्दांत सांगितल्यास रोगी संमती देतो, याचा प्रत्यय परतूर येथे आला.'

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारं उकळून ठेवली, क्लोरोफॉर्मची बाटली काढली, टेबल पुसलं. नऊ वाजले, दहा वाजले. म्हाळू आला नाही. जांब गावाकडून आलेल्या एका गाडीवानानं सांगितलं, "धनगराचा तळ जांबाच्या वाटंला पडलाय. म्हाळू काल घोड्यावर बसून तिकडं गेल्ता. पुन्याचा एक साहेब मेंढरावानी कापाया निगाला, असं सांगत व्हता."

पोस्टकार्ड तोवर जालन्याला पोचलं असावं. निजामाचं टपाल नको तेव्हा फार चोख असे.

जांबच्या वाटेवर

डॉक्टर दवाखाना मिटून निघाले. "मैं जाता," एवढंच म्हणाले. मग नारायणराव निघाले, आणि दोषी म्हणून मी. बैलगाडीत तट्ट्याशिवाय काही नव्हतं, म्हणून मी पुस्तिकांचा गठ्ठा बुडाखाली घेतला. जालन्यात चारच प्रती खपल्या होत्या. उरलेल्या छत्तीसांचा इतका थेट उपयोग पुढं कधी झाला नाही.

फाल्गुन सरत आला होता. ज्वारी निघून गेलेली, काळी रानं फुटलेल्या ओठांसारखी भेगाळलेली. दुधनेचं पात्र ओलांडताना चाकं वाळूत रुतली आणि आम्ही तिघांनीही उतरून गाडी ढकलली. माझा एक जोडा नदीनं ठेवून घेतला. वर चढल्यावर, दुसरं बोलण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, मी नारायणरावांना विचारलं, "तो म्हाळू काल तिसऱ्यांदा काय विचारणार होता?"

"तेच की. किती दिस लागतेल म्हणून. आधीच्या दोन खेपेला आल्ता तवाबी तेच इचारून राह्यला व्हता."

डॉक्टरांनी मान वळवली. "मेरेकू क्यों नहीं बोले?"

नारायणरावांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "साहेबांनी इचारलं न्हाई. साहेबांचं रोग्याला सांगायचं, हे आमचं काम. रोग्याचं साहेबांना सांगायचा हुकूम न्हाई. या आधीचे साहेब तर म्हनायचे, नारायणराव, थोडक्यात."

दोन वर्षं ही दोन माणसं एका टेबलाच्या दोन बाजूंना उभी होती. डॉक्टर नारायणरावांकडे सरकून बसले. मग म्हणाले, "आज से हुकुम है. पूरा बोलना." नारायणरावांनी कानावरची पेन्सिल काढून पुन्हा नीट बसवली. मला तर दुभाष्याची गरज नव्हती. मी तोच प्रश्न मराठीत, दोन हातांवरून, दोनदा ऐकला होता.

तळ एका पाटलाच्या मोकळ्या रानात होता. रानात मेंढ्या रात्री बसवल्या की लेंड्यांचं खत होतं, म्हणून शेतकरी धनगरांना ठरावीक राती आपल्या रानात उतरू देतात आणि धान्य देतात. आमच्याकडे पाहुणा किती दिवस राहणार याची धास्ती असते. इथं तो किती राती राहणार यावर पीक ठरतं. जाळीच्या कुंपणात कोकरं, एक घोडं, तीन दगडांची चूल आणि चार कुत्री. कुत्र्यांनी माझा अनवाणी पाय पाहताच तो आपलाच समजला. मी गाडीवर परत चढलो.

म्हाळू घोंगडीवर पडला होता. पाय सुजून पोटरीपर्यंत ताठ झालेला. ठकूबाईनं मला ओळखलं.

"आवं, त्ये आले बगा, मेंढरं कापनारे साहेब."

मी घसा खाकरला. गाडीत एक नवं, अधिक हृदयस्पर्शी भाषण तयार केलं होतं. पण ठकूबाई म्हणाली, "आधी जेवा. उपाशी मानसानं तळावर काही बोलू नै," आणि माझ्या हातावर ज्वारीची गरम भाकरी आणि तिच्यावर मिरचीचा ठेचा ठेवला. मी मोठा घास घेतला.

त्या ठेच्याबद्दल मी इतकंच सांगतो, की पुढचा अर्धा तास मी या जगात बोलणारा प्राणी म्हणून नव्हतो. डोळ्यांतून, नाकातून पाणी चाललं होतं. ठकूबाईच्या सासूनं मेंढीच्या दुधाचं भांडं पुढं केलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पुन्याचं हाय लेकरू, सोसना." माझं वय साठ होतं. त्या अर्ध्या तासात जे झालं ते माझ्यावाचून झालं.

डॉक्टर कमरुद्दीन विजार सावरून म्हाळूजवळ जमिनीवर बसले. दवाखान्यात मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःच मराठीत विचारलं, "म्हाळू, तू नको बोलतो. का?"

"नगं कोन म्हनतंय?" म्हाळू म्हणाला. "म्या तीन बारीला इचारलं, किती दिस. कोनी सांगितलं न्हाई. माज्या भावाला दवाखान्यात नेल्तं तवाबी इचारलं व्हतं. तवाबी कोनी सांगितलं न्हाई. त्यो उठलाच न्हाई. मंग म्या समजलो, डाक्तर दिस सांगत न्हाई म्हंजे मानूस उठत न्हाई."

नारायणरावांनी शब्दन् शब्द डॉक्टरांना सांगितला. भावासकट. पहिल्यांदाच त्यांचा तर्जुमा मुळापेक्षा लांब झाला.

डॉक्टरांनी रक्ताभिसरणाचं नाव काढलं नाही. पंजा तीनदा उघडून दाखवला. "पंधरा. पंधरा रोज. मग उठ."

"नक्की?"

"आज-उद्या कापला तर पंधरा. परवा कापला, तर मैं नहीं बोल सकता."

आता ठकूबाई पुढं सरकली. पंधरा दिवस नवरा परतूरला, आणि तळ तर चार रातींनी उठून गंगेकडं, म्हणजे गोदावरीकडं, निघायचा. मागं राहिलेल्या माणसाला कोण पाहणार? ती बोटांवर स्वतःशीच हिशेब करू लागली. "हितं चार राती. परतूरच्या अंगाला कुळकर्न्याचं रान हाय, थितं पाच. त्याच्या बांधाला देशमुखाचं, थितं बी पाच बसवतो म्हनत व्हता. झाल्या चवदा."

"पाणी?" म्हाळूनं विचारलं.

"दुधनंत डबकी हायेत की अजून. म्या रोज भाकरी आनीन दवाखान्यात."

"आन पंधराव्या दिशी चालंल कोन?"

"चलना नक्को!" डॉक्टर म्हणाले. "एक महिना घोड्यावर."

"मंग घोड्यावरलं सामान कुटं घालू?" ठकूबाई म्हणाली.

म्हाळूनं आम्ही आल्यापासून प्रथमच माझ्याकडे पाहिलं. मी डोळे पुसत होतो. "त्या साहेबाच्या डोक्यावर दे. तसंबी मोकळंच हाय."

सगळा तळ हसला. मीही हसलो असतो, पण जीभ हलत नव्हती. म्हाळू उठला आणि नारायणरावांच्या खांद्यावर हात टाकून आपल्या पायानं गाडीकडे आला. त्याला निजता यावं म्हणून पुस्तिकांचा गठ्ठा त्याच्या टाचेखाली गेला.

परतताना डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "आप बिलकुल चुप बैठे, साहेब. बहुत अच्छा तरीका था. किताब में है क्या?"

परत

अंगठा त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच, काढला. पाय राहिला. पुढं डॉक्टरांच्या पत्रानं कळलं, की पंधराचे सतरा दिवस झाले. तेराव्याच दिवशी डॉक्टरांनी म्हाळूला स्वतः जाऊन सांगितलं, आणखी दोन लागतील. देशमुखाच्या रानाला दोन राती जास्त मिळाल्या आणि तळ गंगेकडं गेला, म्हाळू घोड्यावर.

जालना स्टेशनवर अध्यक्ष हार घेऊन उभे होते. माझं पोस्टकार्ड त्यांनी सभेत मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. मी खरं काय झालं ते सांगू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि माझ्या विनयावर गाडी सुटेपर्यंत बोलले.

मी मात्र परतूरहून निघण्याआधीच्या दुपारची एक गोष्ट बरोबर घेऊन आलो, आणि चाळीस प्रतींच्या बदल्यात ती मला पुरेशी वाटते. निरोप घ्यायला मी म्हाळूच्या खाटेशी गेलो होतो. पायाला जाड पांढरी पट्टी, ताप उतरलेला, शेजारी ठकूबाईची भाकरी. त्यानं मला बसायला खुणावलं.

"तुमी आनखी किती दिस हायेत, साहेब?"

"त्याचं असं आहे, म्हाळूबा," मी सुरुवात केली, "पुण्याची गाडी मनमाडला..."

म्हाळू वाट पाहत होता. मी तोंड मिटलं, आणि एक बोट वर केलं.

"एक."

"मंग बराबर," तो म्हणाला, आणि भाकरीचा अर्धा तुकडा मोडून त्यानं माझ्या हातावर ठेवला. ठेचा मात्र आपल्याकडे ओढून घेतला.